बडोद्याची मराठी : सहज बोलण्यातील उच्चारभेद

एकच माणूस एकच शब्द दर वेळी सारखा उच्चारत नाही. मजकूर वाचताना तो ‘पाहिजे’ म्हणतो, गप्पांत तेच ‘पायजे’ होते. अशा बदलांना सहज बोलण्यातील उच्चारभेद म्हणतात. बडोद्याच्या (वडोदरा, गुजरात) मराठीत त्यांचे दोन उगम तपासावे लागतात : मराठीची स्वतःची प्रवृत्ती आणि गुजरातीचा शेजार.

पार्श्वभूमी : अठराव्या शतकात गायकवाडांची सत्ता स्थिरावल्यावर मराठी कुटुंबे येथे आली. दांडिया बाजार, रावपुरा या भागांत त्यांची वस्ती वाढली. सयाजीराव तिसरे (कारकीर्द १८७५–१९३९) यांच्या काळात राज्यकारभारात गुजराती व मराठी शेजारी नांदत. १९३१ चा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा बहुभाषी शासनकोश त्याची साक्ष आहे. संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० पासून शहर गुजरातेत आहे. त्यामुळे मराठी मुख्यतः घरात, तर गुजराती बाजारात व कचेरीत, अशी विभागणी झाली. शहराच्या नावातही हा भेद दिसतो. गुजरातीत लिहितात ‘वडोदरा’, पण बोलताना मधला ‘अ’ गळून ‘वडोद्रा’ होते. मराठी माणूस ‘बडोदे’, ‘बडोद्याला’ म्हणतो. ‘वडोदरा’ हे नाव १९७४ मध्ये अधिकृत झाले.

मराठीचे स्वतःचे बदल : (१) ‘ह’ क्षीण होतो : नाही–नाय, राहिला–रायला, पहिला–पयला. (२) स्वर गळतो : म्हणजे–म्हंजे, नुसते–नुस्तं. (३) शब्द एकमेकांत मिसळतात : बसला आहेस–बसलायस, करतो आहे–करतोय. (४) शेवटचा ‘ए’ बदलतो : केले–केलं, तिथे–तिथं. यांतील ‘करतोय’, ‘केलं’ अशी रूपे लेखनातही रुळली. ‘नाय’, ‘पायजे’ मात्र संवादापुरतीच राहिली. वारंवार येणारे, अर्थाने अपेक्षित असलेले शब्द अधिक झिजतात. बोलण्याचा वेग आणि समोरच्याशी असलेली जवळीक यांनीही फरक पडतो.

गुजरातीचा शेजार : मराठीत ‘च’चे दोन उच्चार आहेत, ‘चार’मधला तालव्य, ‘चाक’मधला दंततालव्य. प्रमाण गुजरातीत केवळ तालव्य ‘च’ असल्याने मराठी नंतर शिकलेल्या गुजराती भाषकाच्या तोंडी ‘चाक’चा ‘च’ही ‘चार’सारखा येतो. ‘ज’चेही तसेच. याउलट ‘ळ’ दोन्ही भाषांत आहे. इंदूर, ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला शेजारच्या हिंदीतून ‘काला’ ऐकू येतो. बडोद्यात मात्र गुजराती शेजारीही ‘काळो’च म्हणतो, त्यामुळे ‘ळ’ला आधार मिळतो. ‘ह’बाबत दोन्ही भाषांचा कल सारखा दिसतो. गुजरातीत ‘बहेन’मधला ‘ह’ वेगळा न उरता स्वरच श्वासयुक्त होतो. या मर्मर स्वरांचे विवेचन भाषाशास्त्रज्ञ प्रबोध पंडित यांनी १९५७ मध्ये केले. मराठीतला ‘ह’ मात्र बहुधा साफ गळतो किंवा त्याच्या जागी ‘य’ येतो.

भेद ओळखण्याची कसोटी : बडोद्यात ऐकू येणारे रूप पुण्या-मुंबईतही ऐकू येत असेल, तर केवळ शेजारामुळे त्याला गुजरातीचा प्रभाव म्हणता येत नाही. ‘पायजे’ आणि ‘नाय’ या कसोटीवर मराठीचेच ठरतात. तालव्य ‘चाक’ पुण्यातल्या घरोघरच्या बोलण्यात आढळत नाही. तेथे परभाषेचा ठसा मानण्यास आधार मिळतो.

अभ्यास : अशा रूपांसाठी वाचून घेतलेले शब्द पुरत नाहीत; मोकळ्या गप्पांचे ध्वनिमुद्रण लागते. प्रत्येक शब्दाचे लेखी रूप आणि ऐकू आलेले रूप शेजारी मांडून तुलना करतात. अशा ध्वनिमुद्रणाचे एक उदाहरण परदेशातले आहे : हंगेरीत बुडापेस्ट येथे ‘बेआ’ हा उत्स्फूर्त बोलण्याचा ध्वनिसंग्रह २००७ पासून उभारला गेला. हंगेरियन भाषेत ‘मला वाटते’ या अर्थाचे दोन शब्द, ‘अस्त हिसेम’, घाईत ‘अस्सेम’ होतात; तेथेही ‘ह’ गळतो आणि दोन शब्दांचा एक होतो. यंत्राला बोलणे ओळखता यावे, तर त्याच्या शब्दकोशात अशी रूपेही असावी लागतात. अशा अभ्यासासाठी बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठात (स्थापना १९४९) भाषाविज्ञान विभाग आहे, आणि गणेश देवी यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेले भाषा संशोधन व प्रकाशन केंद्रही याच शहरात आहे.