वायर काढली आणि दिवा विझला

दुपारी 2.40 वाजता आमच्या ट्रॅक्टरच्या इंजिनाला मुठीएवढं भोक पडलं. जागा आमच्या भाताच्या खाचरातली, विंझरच्या अलीकडे. सरकारदरबारी आता तालुक्याचं नाव राजगड झालंय, पण आमच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. ट्रॅक्टर तीन सिलिंडरचा, 35 हॉर्सपॉवरचा, तिशी ओलांडलेला. दिवस आषाढातला, ऐन चिखलणीचा.

सकाळी 6.10 : साडेआठ तास आधी

तोरणा ढगात गेलेला. शेडमध्ये दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, रेडिएटरमधलं पाणी बघत होता. ऑइलची पट्टी मी काढली, पुसली, पुन्हा घालून काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर.

"दादा, ऑइल भरपूर आहे."

"मग झालं तर. काढ बाहेर."

पंधरा दिवसांपूर्वी तेच ऑइल दोन खुणांच्या मध्ये होतं आणि आम्ही थेंबभरही ओतलं नव्हतं. कमी झालं तर भरायचं, एवढंच आम्ही शिकलेलो. आपोआप वाढलं तर काय समजायचं, हे कुणी विचारलंच नव्हतं. हातातलं फडकं नुसतं नाकाला लावलं असतं तरी डिझेलचा वास आला असता. मी ते मडगार्डवर टाकून दिलं.

सकाळी 6.20 : आठ तास वीस मिनिटे आधी

किल्ली फिरवली, तांबडा दिवा लागला. इंजिन बंद असताना तो लागायलाच हवा, कारण तेव्हा ऑइलला दाब नसतो. इंजिन सुरू झालं की एक, दोन म्हणेपर्यंत विझायचा. त्या दिवशी मी सहापर्यंत मोजलं.

"पावसाळ्यात वायरींना ओल धरते," ओट्यावरून तात्या म्हणाले. दिव्याबद्दल त्या दिवशी दिलेलं ते पहिलं कारण. पटण्यासारखं होतं.

सकाळी 8.30 : सहा तास दहा मिनिटे आधी

पुढच्या बाजूला चिखल, मागे रोटाव्हेटर, चाकांना लोखंडी केज. चिखलणीत इंजिनाला उसंत नसते. मिनिटाला 1,800 फेरे, म्हणजे सेकंदाला तीस. तेवढ्या वेगात क्रँक फिरतो तो बेअरिंगच्या धातूवर घासत नाही. दोघांच्या मधल्या केसाएवढ्या फटीत ऑइल दाबानं भरलेलं असतं आणि क्रँक त्या ऑइलवर तरंगतो. तो थर टिकला तर इंजिन तीस वर्षं चालतं. तुटला तर काही मिनिटांत बसतं.

आमच्या चेंबरात सात लिटर ऑइल होतं, आणि ते रोज थोडं थोडं पातळ होत होतं. इंजिनाच्या कुशीला बसवलेल्या डिझेलच्या लिफ्ट पंपातला रबरी पडदा फाटला होता. टाकीतलं डिझेल तिथून आत झिरपून चेंबरात उतरत होतं. टाकी हल्ली लवकर रिकामी होते, अशी कुरकुर दादा आठवडाभर करत होता. डिझेलमध्येच काही भेसळ असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

सकाळी 10.05 : साडेचार तास आधी

चहा बांधावर आला. दादानं रेस कमी करून इंजिन चालूच ठेवलं. तांबडा दिवा मिणमिणला. दादानं रेस वाढवली, दिवा गेला. कमी केली, पुन्हा आला.

"म्हातारा झालाय. गरम झाला की लावतो दिवा," दादा हसला. हे दुसरं कारण, आणि यात अर्धं खरंही होतं. जुन्या इंजिनात बेअरिंगची फट वाढलेली असते, गरम ऑइल पातळ होऊन तिथून चटकन निसटतं आणि कमी रेसला दाब उतरतो. पण रेस दिल्यावर दिवा विझला म्हणजे दाब पुरेसा आहे, असं होत नाही. गरम, चालत्या इंजिनात साधारण 40 ते 60 पौंड दाब हवा. दिव्याचा स्विच सात-आठ पौंडांच्या खाली आल्यावरच बोलतो. मधल्या सगळ्या उतरणीवर तो गप्प असतो. पंधरा पौंडांवर रोटाव्हेटर ओढणारं इंजिनही आम्हाला डॅशबोर्डवरून तंदुरुस्तच दिसणार.

सकाळी 11.20 : तीन तास वीस मिनिटे आधी

दुसऱ्या खाचरात वळताना दिवा लागला आणि या वेळी मिणमिणला नाही. दादानं इंजिन बंद केलं. त्या दिवसात आम्ही केलेलं शहाणपणाचं काम हे एवढंच.

नसरापूरच्या मिस्त्रींना फोन लावला. त्यांनी एकच विचारलं, "ऑइल किती आहे?"

"फुल्ल आहे. खुणेच्या वर."

ते क्षणभर थांबले. "वर कसं? आता चालू करू नका. मी गेज घेऊन येतो. भोरला एक काम हातात आहे, चार वाजतील."

दुपारी 12.10 : अडीच तास आधी

चार वाजतील. पलीकडच्या खाचरात सावडीच्या दहा बायका लावणीला उभ्या होत्या, उद्या त्या दुसऱ्याच्या बांधावर जाणार. इंद्रायणीचा तरवा लावणीला आला होता, काढलेल्या रोपांच्या जुड्या बांधावर पडलेल्या. दादा काही बोलेना. मग मीच पाना घेऊन खाली वाकलो.

ब्लॉकवर ऑइल प्रेशरचा स्विच असतो, त्याला एकच वायर. ती ओढून काढली आणि दादाला किल्ली फिरवायला सांगितलं.

"विझला रे!" दादा ओरडला.

"बघ. स्विचच गेलाय."

हे तिसरं कारण. पहिली दोन घरच्यांची होती, हे माझं. आणि मी ते हातात पाना घेऊन दिलं, म्हणून सगळ्यांना पटलं. खरं तर वायर काढल्यावर दिवा विझणारच. दाब उतरला की स्विच त्या वायरीला ब्लॉकशी जोडतो आणि दिवा पेटतो. वायरच काढली तर जोडणार कशाला? स्विच बिघडलेला असो की दाब खरोखर शून्य असो, दिवा विझतोच. त्या खटपटीतून एवढंच कळतं, की वायर मध्येच कुठे सोलून लोखंडाला टेकलेली नाही. तात्यांच्या ओलीचा संशय तेवढा फिटला. आम्ही मात्र इंजिनच निर्दोष ठरवून मोकळे झालो.

वायर मी परत लावली नाही. "उगाच डोळ्यांसमोर नको," म्हणालो.

दुपारी 1.30 : एक तास दहा मिनिटे आधी

दिवसातला सगळ्यात निवांत तास. पाऊस उघडला होता, बायकांची गाणी चालली होती, डॅशबोर्ड काळाभोर. डिझेलनं फुगलेलं ऑइल तापून पाण्यासारखं झालेलं.

दुपारी 2.25 : पंधरा मिनिटे आधी

टक. टक. टक. रेस वाढवली की आवाज दाट होई, सोडली की विरळ. रोटाव्हेटरच्या पात्यांत दगड आला असेल म्हणून दादानं रोटाव्हेटर उचलला. आवाज तसाच. तो खालून, इंजिनाच्या पोटातून येत होता.

"एवढा कोपरा काढतो आणि बंद करतो," दादा म्हणाला. मी मान हलवली.

दुपारी 2.38 : दोन मिनिटे आधी

आवाजाचा ठोका झाला, हातोडीचा ऐरणीवर पडतो तसा. मधल्या सिलिंडरच्या बेअरिंगचं मऊ अस्तर वितळून क्रँकला चिकटलं होतं. कोपरा संपला तेव्हा दादानं स्टॉपचा दांडा ओढला. इंजिन थांबता थांबता आणखी काही फेरे मारतं.

दुपारी 2.40

एकच दणका. कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकच्या कुशीतून बाहेर आला. काळं, कोमट ऑइल खाचराच्या पाण्यावर पसरलं, त्यावर इंद्रधनुष्याचे रंग. गाणी थांबली.

दुपारी 4.15 : दीड तासानंतर

मिस्त्री बोलल्याप्रमाणे आले. पिशवीत गेज होतं. काट्याची तबकडी, हातभर नळी, दोन-तीन नटं. भोकाकडे बघून त्यांनी ते परत ठेवलं. चेंबरचा बोल्ट काढला, उरलेलं ऑइल पत्र्याच्या डब्यात घेतलं, दोन बोटांत चोळलं आणि बोटं माझ्या नाकापुढे धरली. रॉकेलच्या बत्तीची आठवण व्हावी असा वास. बोटांवर तांब्याची बारीक चकाकी.

मग, रागावता न रागावता, त्यांनी क्रम सांगितला. दिवा लागला की आधी इंजिन बंद. सपाट जागेवर पट्टी बघायची. कमी आहे का, वाढलंय का, दुधाळ आहे का, वास कसला. दुधाळ असेल तर पाणी, वास असेल तर डिझेल. दोन्हींत ऑइल काढून टाकून कारण शोधल्याशिवाय किल्लीला हात लावायचा नाही. पट्टी बरोबर असेल तर वायर बघायची. शेवटी स्विच काढून त्याच भोकात गेज लावायचं आणि गरम इंजिनावर कमी रेसला आणि भर रेसला काटा वाचायचा. काट्यानं दाब ठीक दाखवला, तरच स्विचला दोष द्यायचा. काटाही खाली असेल तर फिल्टर, रिलीफ व्हॉल्व्ह, चेंबरातली जाळी, पंप आणि सगळ्यात शेवटी बेअरिंग.

"गेज लावायला दहा मिनिटं लागतात," एवढं बोलून ते हात धुवायला पाटाकडे गेले.

राहिलेली लावणी शेजारच्यांच्या ट्रॅक्टरवर झाली. आमच्यासाठी जुना ब्लॉक मिळवावा लागला, क्रँक ग्राइंडिंगला पुण्याला गेला, आणि दिवाळीत इंजिन बांधून झालं. लिफ्ट पंपात नवा पडदा पडला; सगळ्या बिलात सगळ्यात छोटा आकडा त्याचाच होता. नवा स्विच मी आणून ठेवला होता. मिस्त्रींनी आधी जुनाच बसवला, शेजारी गेज जोडलं आणि मला वर बसवलं.

किल्ली फिरवली, दिवा लागला. इंजिन सुरू झालं. एक, दोन. विझला.

नवा स्विच अजून डबीत आहे.