कॅलामाइन लोशन

कॅलामाइन लोशन हे त्वचेवरील खाज, दाह व चुणचुण तात्पुरती शमविण्यासाठी बाहेरून लावावयाचे गुलाबी रंगाचे पातळ औषध आहे. जस्ताची संयुगे हा त्याचा मुख्य घटक होय. घामोळे, कांजिण्या, कीटकदंश, उन्हाने झालेला सौम्य दाह आणि काही वनस्पतींच्या स्पर्शाने उठणारे पुरळ यांवर ते वापरले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या नमुना यादीत त्याचा समावेश आहे. हे औषध लक्षणशामक आहे, रोगनिवारक नव्हे. म्हणजे ते खाज कमी करते, खाजेचे कारण दूर करीत नाही. व्यवहारात हा भेद बरेचदा विसरला जातो आणि खरूज, नायटा यांसारख्या विकारांवर आठवडेच्या आठवडे केवळ लोशन लावले जाते.

नाव व इतिहास

'कॅलामाइन' हा शब्द मध्ययुगीन लॅटिनमधील 'कॅलामिना' या शब्दावरून आला असून त्याचे मूळ ग्रीक 'काद्मेइया' या शब्दापर्यंत जाते. मुळात हे औषधाचे नव्हे, तर जस्ताच्या धातुकाचे नाव होते. हे धातुक तांबे व कोळसा यांच्यासह तापवून युरोपात पितळ तयार करीत असत. बेल्जियममधील केल्मिस या गावाचे फ्रेंच नाव 'ला कालामिन' असे आहे, ते तेथील जस्ताच्या खाणीमुळेच. एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दगडांत जस्ताचे कार्बोनेट व जस्ताचे सिलिकेट अशी निरनिराळी खनिजे असतात, हे ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ जेम्स स्मिथसन यांनी १८०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवून दिले. त्यांपैकी कार्बोनेटाला पुढे त्यांच्या नावावरून 'स्मिथसोनाइट' म्हटले जाऊ लागले. वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्था ज्यांच्या मृत्युपत्रातील देणगीतून उभी राहिली, तेच हे स्मिथसन.

भारतीय रसशास्त्रात जस्ताच्या धातुकाला 'रसक' किंवा 'खर्पर' अशी नावे आहेत. 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथात रसकापासून धातू मिळविण्याची कृती दिलेली आहे. राजस्थानात उदयपूरजवळील जावर येथे मध्ययुगात जस्ताचे ऊर्ध्वपातन मोठ्या प्रमाणावर होत असे, हे तेथे सापडलेल्या मातीच्या मुशींवरून व भट्ट्यांच्या अवशेषांवरून सिद्ध झाले आहे. हे काम सोपे नव्हते. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळून वायुरूप होते व हवेशी संबंध येताच त्याची पांढरी राख होते. ही पांढरी राख म्हणजेच झिंक ऑक्साइड, आणि आजच्या लोशनात वापरले जाते ते हेच संयुग.

घटक

औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या बाटलीतील कॅलामाइन आता खाणीतून आणलेला दगड कुटून केलेले नसते. अमेरिकी औषधकोशानुसार ते झिंक ऑक्साइड व अल्प फेरिक ऑक्साइड यांचे मिश्रण असते. ब्रिटिश औषधकोशात त्याच नावाने जस्ताचे बेसिक कार्बोनेट अभिप्रेत आहे. गुलाबी रंग येतो तो फेरिक ऑक्साइडमुळे. त्याचे प्रमाण साधारण अर्धा टक्का इतकेच असते. गेरूला लाल रंग देणारे संयुगही हेच. या रंगाचा खाज शमण्याशी फारसा संबंध नाही, तरी 'ते गुलाबी औषध' अशीच त्याची घरोघरची ओळख आहे.

ब्रिटिश सूत्रानुसार १०० मिलिलिटर लोशनात कॅलामाइन १५ ग्रॅम, झिंक ऑक्साइड ५ ग्रॅम, बेंटोनाइट ३ ग्रॅम, सोडियम सायट्रेट अर्धा ग्रॅम, ग्लिसरीन ५ मिलिलिटर, द्रवरूप फिनॉल अर्धा मिलिलिटर व उरलेले पाणी असते. जस्ताची भुकटी पाण्यात विरघळत नाही, ती केवळ तरंगत राहते. ती लगेच तळाशी बसू नये म्हणून बेंटोनाइट ही चिकणमाती घालतात. आपल्याकडे चेहऱ्याला लावण्यात येणारी मुलतानी मातीही बहुतांशी याच जातकुळीची आहे. लोशन रसायनशास्त्राच्या भाषेत द्रावण नसून निलंबन असल्यामुळे बाटली स्थिर ठेवली की गाळ खाली बसतो. 'वापरण्यापूर्वी बाटली हलवा' ही सूचना म्हणून महत्त्वाची ठरते. न हलवता वरचे पाणी लावले, तर औषध लागलेलेच नसते.

कार्य

लोशन लावल्यावर त्यातील पाण्याची वाफ होते आणि त्वचेतील उष्णता कमी होऊन गारवा जाणवतो. खाजेची व थंडीची संवेदना मज्जातंतूंमार्फतच मेंदूकडे जात असल्याने गारव्याने खाज काही काळ झाकली जाते. पाणी उडून गेल्यावर जस्ताच्या भुकटीचा पातळ थर त्वचेवर उरतो. तो स्रवणारे पाणी शोषतो, त्वचा किंचित आकुंचित करतो आणि कपड्याचे घर्षण कमी करतो. फिनॉलमुळे अल्पशी बधिरता येते.

या औषधाच्या परिणामकारकतेविषयी काटेकोर चाचण्या थोड्याच झाल्या आहेत. त्याची प्रतिष्ठा मुख्यतः दीर्घ अनुभवावर व निर्धोकपणावर उभी आहे. तथापि खाजविणे थांबणे हा लाभ क्षुल्लक नाही. खाजविल्याने त्वचा आणखी दाहयुक्त होते, त्यामुळे पुन्हा खाज सुटते, आणि नखांनी झालेल्या ओरखड्यांतून जंतूंचा शिरकाव होतो. हे चक्र काही तास जरी तुटले, तरी रुग्णाला झोप लागते.

उपयोग

कांजिण्यांमध्ये पाण्याने भरलेल्या फोडांना अतिशय कंड सुटते व मूल ते फोड फोडते. त्यातून पू होणे व कायमचे व्रण राहणे संभवते. फोडांवर कापसाच्या बोळ्याने लोशन टिपून लावल्यास आराम पडतो. यासोबत नखे कापणे व सुती, सैल कपडे घालणे तितकेच आवश्यक आहे. महाराष्ट्रात अशा रुग्णाच्या अंथरुणावर कडुलिंबाचा पाला पसरण्याची चाल आहे. तिचा व लोशनचा काही विरोध नाही. मात्र कांजिण्यांच्या तापात मुलांना ॲस्पिरिन देऊ नये, कारण त्याचा संबंध यकृत व मेंदूला इजा करणाऱ्या राय सिंड्रोम या गंभीर विकाराशी आढळला आहे. डायफेनहायड्रामिन हे ॲलर्जीविरोधी द्रव्य मिसळलेली काही कॅलामाइन लोशनेही मिळतात. ती कांजिण्यांच्या मुलाच्या अंगभर वारंवार लावल्याने ते द्रव्य शरीरात शोषले जाऊन विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. बाटली घेताना घटक वाचावेत ते याकरिता.

घामोळे हे घामाच्या नलिका तुंबल्यामुळे उठते. कोकण किनाऱ्यावरील दमट उन्हाळ्यात ते लहान मुलांच्या मानेवर व पाठीवर हमखास दिसते. लोशनने चुणचुण थांबते. पण मुलाला हवेशीर ठेवले नाही, तर घामोळे पुन्हा येते.

अमेरिकेत या लोशनची कीर्ती 'पॉयझन आयव्ही' या वेलीमुळे झालेल्या पुरळावरील उपचार म्हणून आहे. ही वेल आंबा, काजू व बिब्बा यांच्याच कुळातील. बिब्ब्याचे तेल, काजूच्या टरफलातील तेल आणि कच्च्या आंब्याचा चीक यांनी त्वचेवर उठणारा दाह त्याच प्रकारचा असतो. धोब्यांनी कपड्यांवर बिब्ब्याने केलेल्या खुणांमुळे होणाऱ्या त्वचादाहाची वैद्यकीय ग्रंथांतही नोंद आहे. अशा वेळी प्रथम साबण व भरपूर पाण्याने भाग धुवावा आणि मगच लोशन लावावे. मोठे फोड आले असतील, तर डॉक्टरांकडे जावे. खाजकुइलीचे सूक्ष्म केस किंवा सुरवंटाचे केस अंगाला लागल्यास चोळू नये, चोळल्याने ते अधिक रुततात. चिकटपट्टीने अलगद उचलून काढल्यावर लोशन लावावे.

लावण्याची पद्धत

बाटली चांगली हलवून स्वच्छ कापसावर थोडे लोशन घ्यावे, ते त्वचेवर टिपावे व आपोआप वाळू द्यावे. दिवसातून तीन-चार वेळा लावता येते. पुढच्या वेळी लावण्यापूर्वी जुना थर कोमट पाण्याने काढावा. थरावर थर चढविल्यास खपली घट्ट होऊन त्वचा तडकते. डोळे, तोंडाचा आतील भाग, जननेंद्रिये व उघड्या जखमा येथे लावू नये. ते त्वचा कोरडी करते, म्हणून कोरड्या इसबावर त्याने त्रास वाढण्याचीच शक्यता अधिक. तेथे स्निग्ध मलम उपयोगी पडते. सौंदर्यप्रसाधन म्हणून विकल्या जाणाऱ्या, कॅलामाइनयुक्त चेहऱ्याच्या लोशनांना या औषधाचा पर्याय समजू नये.

मर्यादा व धोक्याची लक्षणे

रात्री वाढणारी, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर व बेंबीभोवती सुटणारी खाज घरातील दोघा-तिघांना असेल, तर ती बहुधा खरूज असते. ती एका सूक्ष्म किडीमुळे होते व संपर्काने पसरते. तिच्यावर परमेथ्रिनसारखे कीडनाशक मलम घरातील सर्वांनी एकाच वेळी लावावे लागते. लोशनने ती बरी होत नाही. कडेला उंच व मध्ये निवळलेले गोल चट्टे नायट्याचे असतात. त्यांवर बुरशीनाशक औषध लागते.

येथे दुसरी, अधिक घातक चूक घडते. लोशनने भागत नाही असे दिसताच दुकानातून स्टेरॉइडमिश्रित मलम आणले जाते. त्याने खाज चार दिवसांत थांबते, पण बुरशी आत पसरत राहते, चट्ट्यांचे मूळ रूप बदलते आणि त्वचा पातळ होते. भारतात २०१८ मध्ये अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मनाई करण्यात आली. कॅलामाइन निदान रोगाचे रूप तरी लपवीत नाही.

पुरळाविना अंगभर सुटणारी खाज कावीळ, मूत्रपिंडाचे विकार, थायरॉइडचे विकार किंवा लोहाची कमतरता यांचे लक्षण असू शकते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तळहात व तळपायांना खाज सुटल्यास लोशन लावून थांबू नये. पित्तस्राव अडल्याने असे होते व त्यात गर्भाला धोका संभवतो, म्हणून रक्ततपासणी तातडीने करावी. अंगावर पित्त उठून ओठ, जीभ वा चेहरा सुजला किंवा श्वास लागू लागला, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

डॉक्टरांना सांगताना नेमका शब्द वापरणे उपयोगाचे असते. कंड, चुणचुण, चुरचुर आणि आग हे मराठीत वेगवेगळे अनुभव आहेत, आणि निदानाच्या दृष्टीनेही ते वेगवेगळे आहेत.

साठवण

बाटली सामान्य तापमानाला, झाकण घट्ट लावून व मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. गाळ हलवूनही मिसळत नसेल किंवा मुदत उलटली असेल, तर लोशन टाकून द्यावे. हे औषध पोटात घेण्याचे नाही. चुकून प्याल्यास उलटी, पोटदुखी होऊ शकते, अशा वेळी बाटली सोबत घेऊन रुग्णालयात जावे.