कुलपातला शोध

नवा शोध कोणत्या शोधास म्हणावे, हा प्रश्न इंग्लंडात एकदा भिंगांच्या निमित्ताने न्यायासनापुढे आला होता. साध्या भिंगाच्या दुर्बिणीतून पाहता वस्तूच्या कडेस रंगांची झालर दिसे. क्राऊन व फ्लिंट या दोन प्रकारच्या काचांची भिंगे एकमेकांस लागून बसविली, म्हणजे एकाचा रंगदोष दुसरे बहुतांशी घालविते. चेस्टर मूर हॉल या वकिलाने १७३३ च्या सुमारास अशी दुर्बीण करविली. पण तिचा बोभाटा केला नाही. पुढे रेशीम विणणाऱ्या घराण्यातील जॉन डॉलंड यांनी प्रयोगांती तेच साधले व १७५८ मध्ये पेटंट मिळविले. त्यांच्या पश्चात पुत्र पीटर यांनी नक्कल करणाऱ्यांवर दावा लावला, तेव्हा हा शोध जुनाच असल्याची तक्रार झाली. हॉल आधीचे, हे न्यायालयाने नाकारले नाही. तथापि शोध कुलपात ठेवणाऱ्यापेक्षा तो लोकांच्या हाती देणाराच पेटंटास पात्र होय, असा निर्वाळा १७६६ मध्ये दिला.

आमच्या ज्ञातीतही वडीलधाऱ्यांचे कितीतरी कसब घरातच राहिले आणि त्यांच्याबरोबरच गेले. उरले आहे तेवढे तरी बंधुभगिनींनी लिहून ठेवावे व मुलांस शिकवावे, अशी आमची नम्र विनंती आहे.