थट्टेतून जन्मलेली दिनदर्शिका

रिलस्टोन हे उत्तर यॉर्कशायरमधील लहानसे गाव. तेथील ‘विमेन्स इन्स्टिट्यूट’ ही महिलांची संस्था. तिची ओळख पाककला आणि विणकामापुरती.

१९९८ मध्ये सदस्या अँजेला बेकर यांचे पती जॉन रक्ताच्या कर्करोगाशी झुंजत होते. मैत्रीण ट्रिशिया स्ट्युअर्ट यांनी थट्टेने सुचवले, यंदाच्या दिनदर्शिकेवर निसर्गदृश्यांऐवजी आपणच विवस्त्र झळकू! जॉन यांना ती कल्पना भारी आवडली. जुलैत, वयाच्या ५४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आता ती थट्टा राहिली नाही. ११ मध्यमवयीन व वयस्क स्त्रिया सिद्ध झाल्या. छायाचित्रकार टेरी लोगन हे त्यांच्यातीलच एकीचे पती. लज्जारक्षणाचे काम केक आणि लोकरीच्या गुंड्यांकडे; गळ्यात मोत्यांची माळ. खरी मार्मिकता इथेच आहे: ज्या कामांवरून या स्त्रियांची टिंगल होई, त्यांचाच आडोसा त्यांनी केला. एकरंगी चित्रांत रंग एकच, पिवळ्या सूर्यफुलाचा. जॉन यांचे ते आवडते फूल.

एप्रिल १९९९ मध्ये २००० सालची ही दिनदर्शिका प्रसिद्ध झाली. रक्तकर्करोगाच्या संशोधनासाठी पुढे ५० लाख पौंडांहून अधिक निधी जमला. २००३ चा ‘कॅलेंडर गर्ल्स’ हा चित्रपट याच घटनेवर बेतलेला.