शून्य राखणारा माणूस

महू हे नाव आपल्या मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. इंदूरजवळची ही लष्करी छावणी. १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म इथंच झाला. २००३ साली गावाचं नावही डॉ. आंबेडकर नगर झालं. दर जयंतीला आपल्याकडून गाड्या भरून माणसं तिकडं जातात. त्याच महूच्या मातीतल्या आणखी एका माणसाबद्दल आज मला बोलायचं आहे. त्यांचं नाव शंकर लक्ष्मण. भारतीय हॉकी संघाचे गोलरक्षक.

७ जुलै १९३३ हा त्यांचा जन्मदिवस. शाळा अर्धवट सोडून हा मुलगा १९४७ साली फौजेत भरती झाला, तोही बँडपथकात. पलटण आपली, मराठा लाइट इन्फन्ट्री, जिचं केंद्र बेळगावला आहे. आधी पाय फुटबॉलमध्ये रमले होते, नंतर हॉकीकडं वळले. तिथं त्यांच्या वाट्याला आली ती गोलपोस्टातली जागा.

या जागेचं काम जरा समजून घेऊ. हॉकीचा गोल बारा फूट रुंद आणि सात फूट उंच असतो. चेंडू दीडशे ग्रॅमहून थोडा जास्त वजनाचा आणि दगडासारखा टणक. जवळून मारलेला फटका डोळ्याची पापणी लवायच्या आत येतो. आजचा गोलरक्षक शिरस्त्राण, छातीचं कवच, जाडजूड पॅड घालून चिलखतातल्या शिपायासारखा उभा असतो. शंकर लक्ष्मण यांच्या काळात पायाला पॅड आणि हाताला मोजे असत. तोंड उघडंच.

अशा उघड्या तोंडानं ते तीन ऑलिंपिक खेळले. १९५६ साली मेलबर्नला भारतानं पाच सामन्यांत ३८ गोल केले आणि स्वतःवर एकही होऊ दिला नाही. अंतिम सामन्यात समोर पाकिस्तान. रणधीरसिंग जेंटल यांच्या एका गोलावर आपण १-० असे जिंकलो. १९६० साली रोमला अंतिम सामन्यात पुन्हा पाकिस्तान. या वेळी नसीर बुंदा यांचा एक फटका आत गेला आणि आपण ०-१ असे हरलो. १९२८ पासून सलग सहा वेळा जिंकलेलं सुवर्णपदक त्या एका गोलानं गेलं. १९६४ साली टोकियोला तिसऱ्यांदा तेच दोन संघ समोरासमोर आले. मोहिंदरलाल यांनी पेनल्टी स्ट्रोकवर गोल केला. उरलेला वेळ पाकिस्ताननं हल्ल्यावर हल्ले केले, पण शंकर लक्ष्मण यांनी काही आत जाऊ दिलं नाही. सुवर्णपदक परत आलं.

आता हिशेब मांडा. ऑलिंपिकचे तीन अंतिम सामने, तिन्ही वेळा एकच तुल्यबळ प्रतिस्पर्धी, आणि तिन्ही सामने मिळून त्यांच्या पाठीमागं चेंडू गेला तो एकदाच. १९६६ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत ते कर्णधार होते. गोलरक्षकाकडं संघाचं नेतृत्व देण्याची तेव्हा रीत नव्हती. तिथंही अंतिम सामन्यात पाकिस्तानवर १-० असाच विजय मिळाला. १९६४ साली त्यांना अर्जुन पुरस्कार आणि १९६७ साली पद्मश्री मिळाली.

तरीही हॉकी म्हटलं की आपल्या तोंडी पहिलं नाव ध्यानचंद यांचं येतं, मग बलबीरसिंग यांचं. ते योग्यच आहे. पण १९२८ साली ॲमस्टरडॅमला ध्यानचंद गोलांमागून गोल करत होते, तेव्हा दुसऱ्या टोकाला नागपुरात जन्मलेले रिचर्ड ॲलन उभे होते आणि सबंध स्पर्धेत त्यांनी एकही गोल होऊ दिला नव्हता, हे नागपुरात तरी किती जणांना ठाऊक आहे?

असं का होतं, याचं उत्तर मला आमच्या सिरसाळ्याच्या शिवारात सापडतं. ज्वारी हुरड्यात आली की पाखरांचे थवे उतरतात. मग कुणीतरी माळ्यावर चढून गोफण फिरवत दिवसभर हाकारत बसतो. संध्याकाळी मालक येतो आणि रिकामी कणसं मोजतो. किती थवे परतवले, हे कोण मोजणार? राखणदाराचं काम चोख झालं तर दाखवायला काहीच उरत नाही. चुकलं तर मात्र ते सगळ्या गावाला दिसतं. धावफलकावर गोल करणाऱ्याचं नाव लागतं. अडवणाऱ्याच्या वाट्याला शून्य येतं, आणि त्या शून्यापुढं कुणी नाव लिहीत नाही.

पण हे शून्य मोजता येतं, त्याचा मान राखता येतो, हे एका दुसऱ्याच देशानं दाखवलं आहे. कॅनडात हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. पायात धारदार पात्यांचे बूट घालून खेळतात. तिथं चेंडूऐवजी रबराची कडक चकती असते. तिचं वजन आपल्या हॉकीच्या चेंडूएवढंच, गोल मात्र सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. तिथला गोलरक्षक पगारी व्यावसायिक खेळाडू असतो. मॉन्ट्रियलच्या संघाचे गोलरक्षक जॉर्ज व्हेझिना १९२६ साली क्षयानं गेले. लगेच पुढच्या हंगामापासून त्यांच्या नावानं चषक सुरू झाला आणि कित्येक दशकं तो सर्वांत कमी गोल होऊ देणाऱ्या संघाच्या गोलरक्षकालाच दिला जात होता. एकही गोल न होता संपलेला सामना तिथं गोलरक्षकाच्या खात्यावर वेगळा मांडला जातो. शंभर वर्षांपूर्वीचे आकडेही म्हणूनच आज मिळतात.

आपले शंकर लक्ष्मण खेळत होते त्याच वर्षांत तिकडंही गोलरक्षक उघड्या तोंडानं उभे राहत. ग्लेन हॉल हे १९५५ ते १९६२ या काळात मुखवट्याशिवाय सलग ५०२ सामने खेळले. सामन्याआधी ताणानं त्यांना उलटी होत असे, हे सर्वांना माहीत होतं. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कला जॅक प्लांट यांच्या चेहऱ्यावर चकती आदळली. टाके घालून झाल्यावर त्यांनी प्रशिक्षकांना सांगितलं की, आता मुखवटा घातल्याशिवाय मी बर्फावर पाऊल ठेवणार नाही. संघाकडं दुसरा गोलरक्षक नव्हता, प्रशिक्षकांना ऐकावं लागलं. त्या रात्री मॉन्ट्रियल जिंकलं आणि हळूहळू मुखवटा ही रीतच झाली. ज्याच्या कामाची नोंद असते, त्याच्या शब्दालाही वजन येतं.

आपल्याकडं गोलरक्षकाची नोंद कशी झाली, तेही पाहू. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत आपण पाकिस्तानकडून १-७ असे हरलो. मी तेव्हा शाळेत होतो. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, उरलेली माणसं ट्रान्झिस्टरभोवती जमलेली. पहिला गोल आपलाच होता. पुढं सात झाले आणि चौकात कुणीतरी म्हणालं, ‘गोलकीपर विकला गेला.’ देशभर तेच झालं. मीररंजन नेगी यांच्यावर पैसे घेतल्याचा आळ आला. तो कधीही सिद्ध झाला नाही, पण त्यांचं खेळाडू म्हणून जगणं तिथंच संपलं. अकरा जण हरले होते, इमान मात्र एकट्याचं तपासलं गेलं. माणसाला आपली निष्ठा पुन्हा पुन्हा सिद्ध करायला लावणं म्हणजे काय, हे मला त्या वयात पहिल्यांदा कळलं. नेगी मात्र खचून घरी बसले नाहीत. १९९८ साली बँकॉकला आणि २००२ साली मँचेस्टरला आपले पुरुष आणि महिला संघ सुवर्णपदक जिंकले, तेव्हा गोलरक्षकांना तयार करणारे तेच होते.

शंकर लक्ष्मण यांच्यावर असा आळ कधी आला नाही. त्यांच्या वाट्याला विस्मरण आलं. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी त्यांना वगळलं गेलं आणि ते खेळापासून दूर झाले. १९७९ साली कॅप्टन म्हणून फौजेतून निवृत्त होऊन ते महूला परतले. अखेरच्या काळात पायाला गँगरीन झालं, हलाखी होती. ज्या पायांनी चेंडू अडवले, त्यातलाच एक पाय सडत गेला. २९ एप्रिल २००६ रोजी महूलाच ते वारले. बाबासाहेबांची जयंती होऊन पंधराच दिवस झाले होते.

काळ थोडा बदलला आहे, हेही सांगायला हवं. २०२१ साली टोकियोत जर्मनीविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी श्रीजेश यांनी फटका अडवला आणि एक्केचाळीस वर्षांनी हॉकीत पदक आलं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांचा सोळा नंबरचा शर्ट वरिष्ठ संघात पुन्हा कुणाला द्यायचा नाही, असं ठरलं. हे चांगलं झालं.

मी कवी माणूस, मैदानाशी माझा संबंध ऐकण्या-पाहण्यापुरताच. तरी गावोगावच्या क्रीडाशिक्षकांना एक विनंती करतो. शाळेच्या सामन्यात गुणलेखक बसवता, त्याच्या वहीत एक रकाना वाढवा. गोलरक्षकानं किती फटके अडवले, ते त्यात लिहा. त्याला काही खर्च येत नाही. सामना हरला तरी घरी जाताना त्या पोराकडं सांगण्यासारखा एक आकडा असेल.