विहिरीतली हडळ आणि किशोरांची रहस्यकथा

माढ्यात आमच्या आळीत एक विहीर होती. दिवेलागण झाली की आजी म्हणायची, "तिकडं फिरकू नगंस, हडळ हाय." रावरंभा निंबाळकरांच्या भुईकोटात आम्ही भर उन्हात हुंदडायचो, पण त्या विहिरीत डोकावण्याची छाती कधी झाली नाही. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी मराठीत भयाची आणि रहस्याची गोष्ट कशी घडत गेली, हा प्रश्न मला तेव्हापासून चिकटला आहे.

या गोष्टीचा मूळपुरुष वेताळ. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी 'वेताळ पंचविशी' मराठी गद्यात आणली. १९५२ साली 'चांदोबा' मराठीत निघू लागला आणि पुढे त्यातून विक्रम-वेताळ घरोघर पोचले. माझे मामा कुर्डुवाडी जंक्शनवरून अंक आणत. वेताळाची अट मला पाठ होती: उत्तर माहीत असून गप्प बसलास, तर तुझ्या डोक्याची शकले होतील. हे भूत शेवटी खोटे ठरत नाही. ते प्रश्न विचारते आणि उत्तर मागते.

दुसरा धागा भा. रा. भागवतांचा (१९१०–२००१). त्यांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे फुरसुंगीचा, शिकायला पुण्याच्या विद्याभवनात. सायकलवर टांग मारून तो चोरांच्या आणि विमान पळवणाऱ्यांच्या मागे लागतो. भ्यायचे नाही, जाऊन पाहायचे, हे आमच्या पिढीने त्याच्याकडून घेतले. या वळणाच्या ज्या किशोरकथा मी वाचल्या, त्यांतल्या बहुतेकींत पडक्या वाड्यातला दिवा अखेर चोराचा कंदील निघे. भुताखेतांच्या धाकात वाढणाऱ्या मुलांना या उलगड्याची गरज होती, हे मी आजही मानतो.

पण त्यामुळे एक वाटणी होऊन बसली. खरे भय मोठ्यांच्या वाट्याला गेले: नारायण धारपांच्या भयकथा, रत्नाकर मतकरींच्या गूढकथा. त्याच मतकरींनी मुलांच्या रंगभूमीला 'अलबत्त्या गलबत्त्या' दिले. त्यातली, दिलीप प्रभावळकरांनी गाजवलेली चेटकीण मुलांना पोट धरून हसवते. मधल्या वयाच्या आम्हा पोरांना धारप चोरूनच वाचावे लागले. बंगालीत असे झाले नाही. सत्यजित राय यांनी १९६५ साली 'संदेश' या मुलांच्या मासिकात फेलुदा आणला, आणि त्याच वाचकांसाठी भुताच्या गोष्टीही लिहिल्या. अमेरिकेत १९९२ पासून आर. एल. स्टाइन यांच्या 'गूजबम्प्स' मालिकेने तर या वयाचा वाचकच समोर धरला. आपल्याकडे शोध घेणारा मुलगा आणि खोटे न ठरणारे भूत क्वचितच एका गोष्टीत भेटले.

यात काय हुकले, ते मला चाळिशीत कळले. आजीच्या दिवसांना जमलेल्या म्हाताऱ्या रात्री बोलत बसल्या होत्या. त्या विहिरीत एका सुनेने जीव दिला होता. तिच्या घरात तिचे नाव घ्यायचे नाही असे ठरले, आणि हळूहळू आळीने तिला हडळ केले. आजीलाही हे ठाऊक होते.

चोराच्या कंदिलाने या विहिरीचा उलगडा झाला नसता. 'भूत नसतेच' असे सांगून मुलाची भीती गेली असती, पण ती बाई पुन्हा एकदा नाहीशी झाली असती. भुताच्या गोष्टीखाली पुष्कळदा एखादी दडवलेली घटना असते. तिच्यापर्यंत पोचायला फेण्याची चौकशी लागते आणि वेताळाची अटही. माढ्यात उत्तर सगळ्यांना माहीत होते, आणि सगळे गप्प बसले.

किशोरांसाठी लिहिणाऱ्यांकडे माझे मागणे एवढेच आहे. तुमच्या गोष्टीतल्या पोराला विहिरीच्या काठावर जाऊ द्या. हडळ आहे की नाही, हे त्याने नंतर ठरवावे. आधी त्याने विचारावे, ती कोण होती?