मायाळू आणि अमायिक

हसतमुख, गोड स्वभावाच्या गृहस्थाची स्तुती करताना बंगाली मनुष्य त्यास ‘अमायिक’ म्हणतो. बदली होऊन कलकत्त्यास आलेल्या मराठी माणसास हा शब्द प्रथम चमत्कारिक वाटतो. ज्याच्या ठायी माया नाही, तो सुस्वभावी कसा?

उत्तर संस्कृतात आहे. ‘माया’ म्हणजे आरंभी अद्भुत शक्ती, पुढे भ्रम आणि कपट. ‘मायिक’ ते फसवे. म्हणून ‘अमायिक’ तो निष्कपट. बंगालीने या अर्थास सौजन्याची जोड दिली. मराठीने मात्र ममतेचा अर्थ वाढविला. आईची ती माया, गाठीस जमलेला पैसा तीही माया, आणि शिंप्याने शिवणीत राखलेले जादा कापड तीही मायाच! ‘दयामाया’ दोन्ही भाषांत आहे. पण स्वभाव वर्णिताना आम्ही अंतरीचा ओलावा पाहिला, बंगाल्यांनी कपटाचा अभाव पाहिला.

मराठी शब्दांची चौकशी या प्रांतास नवी नाही. फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकविणाऱ्या विल्यम केरीने वैजनाथ पंडितांच्या साह्याने मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये व कोश १८१० मध्ये श्रीरामपुरास छापला. मोल्सवर्थचा कोश मुंबईस निघाला तो १८३१ मध्ये.

परंतु बंगालच्या घरोघरी आमच्याविषयी राहिलेला शब्द निराळाच होता. १७४२ ते १७५१ या काळातील नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांमुळे आमचा ‘बारगीर’ येथे ‘बर्गी’ झाला आणि अंगाईगीतात भय म्हणून शिरला. त्या शब्दास उत्तर दिले ते सखाराम गणेश देऊस्करांनी (१८६९–१९१२). देवघरजवळ वाढलेल्या या मराठी माणसाने बंगालीत लिहून शिवाजीमहाराजांचे चरित्र बंगाल्यांपुढे ठेवले. त्यांच्या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी १९०४ मध्ये ‘शिवाजी-उत्सव’ ही कविता लिहिली. त्याच वर्षीच्या ‘देशेर कथा’त देऊस्करांनी देशाच्या लुटीचा हिशेब आडपडदा न ठेवता मांडला, १९१० मध्ये सरकारने ते पुस्तक जप्त केले.

कोणत्या शब्दाने आपली आठवण राहावी, हे परप्रांती गेलेल्या माणसाच्या सर्वस्वी हाती नसते. माया जडावयास वर्षे लागतात, आणि बदलीचा हुकूम तितका थांबत नाही. परंतु समोर कागद घेऊन उभ्या असलेल्या माणसाशी हसून, खरे तेच बोलणे पहिल्या दिवसापासून साधते. आम्हां नोकरपेशाच्या मंडळींनी बंगालीकडून एकच शब्द घ्यावयाचा, तर तो हाच घ्यावा, असे आम्हांस वाटते.